मुंबई–नागपूर दीड तास: एका रात्रीच्या फोनचं प्रकरण

रात्री दहा वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

"दादा, नागपूरचं विमान किती वेळाचं असतं?"

"दीड तास."

"मग साडेबाराला निघाले तर दोनपर्यंत पोचते ना मी?"

ठाण्यात नौपाड्यात माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. फोन करणाऱ्या ताई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. वय बावन्न, सासर ठाण्याचं, माहेर नागपूरचं. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबा प्रतापनगरला एकटे राहतात. त्या रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंनी ताईंना कळवलं होतं, की बाबांच्या छातीत दुखायला लागलंय, घाम फुटलाय, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात घेऊन चाललोय. पुढच्या पंधरा मिनिटांत ताईंनी मोबाइलवर दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ बघितला आणि खात्री करायला मला फोन लावला. मी घाईत बरोबर तेच सांगितलं जे साइटवर लिहिलं होतं. त्या दोन शब्दांनी त्यांच्या मनात रात्री दोनची आशा बसली. ती मला पुढच्या मिनिटाला काढून घ्यावी लागली आणि ते मला अजून लागून राहिलंय.

ही गोष्ट नोव्हेंबर 2025 ची. बाबा बरे झाल्यावर, ताईंना विचारूनच, मी त्या रात्रीच्या सगळ्या वेळा जमवल्या. कॉल लॉग, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, फास्टॅगचा एसएमएस, बोर्डिंग पास आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवरची नोंद. त्या जुळवल्यावर जे दिसलं ते इतकं अनपेक्षित होतं की इथे सविस्तर लिहितोय.

आधी अंतर. मुंबई विमानतळापासून नागपूर विमानतळापर्यंत आकाशातून सरळ मोजलं तर सुमारे 683 किलोमीटर. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, पण तो ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावापासून नागपूरच्या अलीकडच्या शिवमडक्यापर्यंत. घरापासून आमणे आणि शिवमडक्यापासून शहर, हे दोन तुकडे त्यात नाहीत. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर 837 किलोमीटर, कारण रूळ कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असे गावं घेत जातात. "मुंबई ते नागपूर किती लांब?" याला अशी तीन खरी उत्तरं आहेत, आणि नेटवर शोधणाऱ्याला तिन्ही एकाच पानावर सापडतात.

आता त्या रात्री हातात काय होतं ते बघू. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास गेलेली. नागपूर दुरांतो सव्वाआठला सीएसएमटीवरून सुटून गेलेली. रात्री उशिराच्या ज्या लांब पल्ल्याच्या गाड्या नागपूरवरून जातात, त्यातली एकही सकाळी पोचवणारी नव्हती. शिवाय आयत्या वेळी जनरलच्या डब्यात बसून जाणं हे बावन्न वर्षांच्या, आधीच घाबरलेल्या बाईला सुचवायची गोष्ट नाही. थेट जाणारं रात्रीचं विमान राहिलं नव्हतं. पहिलं थेट विमान पहाटे 5.50 चं, नागपूरला 7.25 ला उतरणारं.

एका तिकीट साइटवर मात्र रात्री पावणेबाराचं विमान दिसत होतं. दिल्लीला उतरायचं, तिथे रात्र काढायची आणि सकाळी दुसरं विमान धरून साडेआठनंतर नागपूर. "आधी सुटणारी" असा क्रम लावला की तेच सगळ्यात वर येतं. ताईंनी तेच तिकीट जवळजवळ काढलं होतं. "निदान निघालेली तरी असेन ना हो," म्हणाल्या. हे वाक्य मी ऑफिसात अनेकदा ऐकलंय. अशा वेळी माणसाला घरात बसवत नाही, कुठेतरी चाक फिरत असलं पाहिजे. पण नागपूरला जायला दिल्ली गाठायची, म्हणजे जेवढं जायचंय त्याहून लांब जाऊन परत यायचं, आणि एक विमान चुकलं तर दिल्लीत अडकायचं. मी स्पष्ट नको म्हटलं.

मग प्रश्न आला गाडीचा. ताईंचा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, समृद्धी आता पूर्ण झालाय, मी चालवतो, सात तासांत पोचवतो. खरंच, डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झालेला हा रस्ता 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन पुरा झाला. कारला सपाटीवर ताशी 120 ची मर्यादा आहे. कागदावर सातशे भागिले शंभर, सात तास. हिशोब चूक नव्हता. पण आजोबांची बातमी ऐकून डोळे भरलेल्या पोराच्या हाती अशा रात्री स्टिअरिंग द्यायचं नाही, यावर मी अडून बसलो. 1 जुलै 2023 च्या रात्री याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस माणसं गेली. त्या बसमधली माणसंही कुणाच्या तरी घरी निघाली होती. सरळ, मोकळा, एकसुरी रस्ता रात्री दोन ते पाचमध्ये माणसाला झोपवतो, हे तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर सांगेल.

शेवटी ठरलं ते असं. ताई पहाटेच्या विमानाने जातील. मुलगा आणि ताईंचे यजमान गाडीने निघतील, गाडी आमच्या ओळखीचा ड्रायव्हर चालवेल. तो दुपारी झोपलेला होता, हे मी आधी विचारून घेतलं. गाडी नेण्याचं कारण घाई नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस हॉस्पिटल ते प्रतापनगर अशा खेपा होणार होत्या, कपडे, औषधं, जुन्या रिपोर्टांची फाइल न्यायची होती. विमानाचं एक तिकीट साडेआठ हजारांना पडलं.

ताईंना मी सांगितलं, आता तीनपर्यंत आडव्या व्हा. झोप कुठली लागणार. पण त्या घरी होत्या म्हणून अकरा चाळीसला हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा फोन त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. ब्लॉकेज आहे, अँजिओप्लास्टी लगेच करावी लागेल, घरच्यांची संमती हवी. त्यांनी फोनवर हो म्हटलं, काकूंनी सही केली, अ‍ॅडव्हान्सची रक्कम ताईंनी यूपीआयने भरली. त्याच वेळी त्या दिल्लीच्या विमानाच्या सीटवर पट्टा लावून, फोन बंद करून बसल्या असत्या. निघण्याच्या घाईपेक्षा फोनवर सापडणं त्या तासाला जास्त मोलाचं होतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, मागाहून वेळा जुळवताना दिसलं.

आता त्या दीड तासाकडे येतो.

ताई 3.25 ला घरातून निघाल्या. ईस्टर्न एक्सप्रेसवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने 4.05 ला टर्मिनल 2. वेब चेक-इन झालेलं, बॅग हातातलीच, तरी दारावरचं ओळखपत्र आणि सिक्युरिटी होऊन गेटवर बसेपर्यंत पावणेपाच. विमान जागेवरून हललं 5.56 ला, सहा मिनिटं उशिरा. धावपट्टीवरून चाकं सुटली 6.14 ला. नागपूरला चाकं टेकली 7.15 ला. म्हणजे हवेत एकसष्ट मिनिटं. 7.21 ला विमान उभं राहिलं, 7.36 ला त्या बाहेर होत्या आणि 7.58 ला हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर.

घर ते हॉस्पिटल चार तास तेहतीस मिनिटं. त्यात जमीन सोडायच्या आधीच दोन तास एकोणपन्नास मिनिटं गेली.

वेळापत्रकात मात्र 5.50 ते 7.25, एक तास पस्तीस मिनिटं. बरेच जण विचारतात, विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं तर 683 ला पन्नास मिनिटं पुरेत, हे दीड तास कुठून आले? छापलेली वेळ उडण्याची नसते. विमानाच्या चाकाखालची उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, काढली तिथपासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा उटी लावली तिथपर्यंतची ती वेळ. मुंबईत जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकाला जायचं आणि तिथे रांगेत थांबायचं, याला त्या सकाळी अठरा मिनिटं लागली. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा एका पट्टीवर दिवसात हजारावर उतार-उड्डाणं झाल्याची नोंद आहे. पहाटेची पहिली लाट सगळ्यांनाच हवी असते, म्हणून रांग तेव्हापासूनच लागते. ही रांग धरूनच एअरलाइन वेळ छापते आणि वर थोडी सवडही ठेवते.

हवेतही सरळ 683 किलोमीटर कुणी जात नाही. त्या सकाळी विमान समुद्राकडे तोंड करून उडालं, म्हणजे आधी नागपूरकडे पाठ. जुहूचा किनारा ओलांडून ते वळलं आणि मग पूर्वेला लागलं. पुढची वीसेक मिनिटं वर चढण्यात जातात, शेवटची वीस-पंचवीस उतरण्यात, आणि चढताना-उतरताना वेग आठशेचा नसतो. एवढ्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने सरळ जायला पंधरा-वीस मिनिटंच मिळतात. ताई म्हणाल्या, "चहाचा कप घेऊन आली ती मुलगी आणि लगेच कप परत मागायला आली."

त्यांनी आणखी एक सांगितलं. मुंबईत विमान सुटलं तेव्हा खाली दिवे होते, मिट्ट अंधार होता. उतरल्या तर विमानतळाच्या काचेवर चांगलं ऊन. तासाभरात एवढा उजेड होतोच, पण त्यात आणखी एक भर आहे. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून जास्त पूर्वेला आहे आणि एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण नागपूरचा दिवस साधारण पंचवीस मिनिटं आधी उजाडतो. सगळं आयुष्य नागपूर-ठाणे केलेल्या बाईला ते त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

आता गाडी. 11.20 ला घरून निघाली. माजिवडा ते मानकोली रात्री अवजड वाहनांना मोकळीक असते, त्यामुळे ट्रकांच्या रांगेत हळूहळू सरकत 12.08 ला मुलाचा मेसेज आला, "आमणेला चढलो." पुढे इगतपुरीचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा, मग नाशिक, शिर्डी, संभाजीनगर, जालना अशी झोपलेली शहरं मागे टाकत वाशीम, अमरावती जिल्ह्यांतून वर्धा. दोनदा थांबले, एकदा वीस मिनिटं, एकदा पंधरा. समृद्धीवर टोल उतरताना कापतात, त्यामुळे एसएमएस एकच: शिवमडका, 7.36. सातशे एक किलोमीटर सात तास अठ्ठावीस मिनिटांत, थांबे धरून ताशी सरासरी चौऱ्याण्णव. तिथून सकाळच्या ट्रॅफिकमधून धंतोली, 8.20.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. 7.58 आणि 8.20. विमान आणि मोटार यांच्यात बावीस मिनिटांचा फरक. योगायोग म्हणजे शिवमडक्याचा टोल कापला तोही 7.36 आणि ताई विमानतळाबाहेर पडल्या तोही 7.36.

पहिल्यांदा हे कागदावर लिहिलं तेव्हा मला वाटलं, मी साडेआठ हजार उगाच खर्च करायला लावले. ताईंशी बोललो तेव्हा त्यांनीच ते खोडून काढलं. रात्रभर अंधारात रस्ता बघत, रेंज येते-जाते अशा फोनवर डॉक्टरांशी बोलत बसणं त्यांना झेपलं नसतं. मला आजही तोच सल्ला बरोबर वाटतो. पण वेगाच्या नावाखाली तो दिला, तर तो खोटा ठरेल.

खरी गंमत दुरांतोची आहे, आणि ती कळल्यावर मी खूप वेळ नुसता बसून होतो. समजा, काकूंचा फोन संध्याकाळी सहाला आला असता. ताई साडेसहाची लोकल धरून सीएसएमटीला गेल्या असत्या आणि सीट मिळाली असती, तर सव्वाआठच्या दुरांतोने सकाळी सात-साडेसातच्या दरम्यान नागपूर स्टेशनवर उतरल्या असत्या. स्टेशनपासून धंतोली जवळ, विमानतळापेक्षा कितीतरी जवळ. 837 किलोमीटर धावणारी ती रेल्वे पहाटेच्या विमानाच्या आधी किंवा त्याच्या बरोबरीने हॉस्पिटलात पोचवते. अर्थात, फोन सहाला आला असता तर संध्याकाळच्या एखाद्या विमानाने ताई मध्यरात्रीच्या आत बाबांजवळ असत्या. तो फोन दहाला आला आणि दोन्ही दारं लागली. ठाणे ते नागपूर हे अंतर त्या चार तासांत मुळीच बदललं नव्हतं, लागणारा वेळ मात्र कितीतरी वाढला होता.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. 1949 मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला, सोनेगावच्या धावपट्टीवर भेटायची. टपालाची पोती अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान त्याचा. ती डकोटा विमानं, आजच्या जेटच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगाची, मुंबई-नागपूरला अडीच-तीन तास घेणारी. त्यात टपालाबरोबर प्रवासीही जात. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एखाद्या लेकीला संध्याकाळी तार आली असती आणि खिशात पैसे असते, तर मध्यरात्रीनंतर ती वडिलांच्या उशाशी असती. ताईंनी पहाटेपर्यंत वाट पाहिली. ज्या नागपुरात चार दिशांची विमानं रात्री एकत्र यायची, तिथे रात्री दहानंतर मुंबईहून थेट जायची सोय नसावी याचं मला नागपूरच्या बाजूने मनापासून वाईट वाटतं. मिहानसारखा उद्योग आणि मालवाहतुकीचा प्रकल्प ज्या विमानतळाच्या अंगणात आहे, तिथे एक रात्रीचं विमान मागणं जास्तीचं नाही.

परतीचंही सांगतो. ताई नऊ दिवसांनी संध्याकाळच्या विमानाने आल्या. तीच दोन शहरं, त्याच प्रकारचं विमान. नागपूरहून 6.41 ला उडालं, मुंबईला 8.06 ला टेकलं. हवेत एक तास पंचवीस मिनिटं, जातानापेक्षा चोवीस मिनिटं जास्त. हिवाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. एवढ्या अंतराला त्याचा फरक पाच-दहा मिनिटांचा. उरलेली मिनिटं मुंबईवरच्या रांगेची. नाशिकच्या अलीकडे कुठेतरी विमानाने दोन घिरट्या घातल्या, असं माग दाखवणाऱ्या नकाशावर दिसतं. त्या घिरट्यांत ताई निवांत होत्या. बाबा घरी आले होते, काकूंच्या हातचं वरण-फळं खाऊन झोपले होते.

या प्रकरणानंतर मी ऑफिसात एक गोष्ट बदलली. नागपूर, गोवा, हैदराबाद, कुठलंही शहर असो, आजारपणाचा किंवा मयतीचा फोन आला की "विमान किती वेळाचं?" याला मी तासांत उत्तर देत नाही. उद्या सकाळी किती वाजता तुम्ही दारात असाल ती वेळ सांगतो, आणि तोपर्यंत फोन चार्जिंगला लावून हाताशी ठेवायला सांगतो. टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवलाय. त्यावर नागपूरपुरतं लिहिलंय: बातमी सहाच्या आत आली तर संध्याकाळचं विमान बघा, नाहीतर दुरांतो, त्यानंतर आली तर पहाटेचं पहिलं थेट विमान, दिल्ली-हैदराबादमार्गे काहीही नको, गाडी न्यायची तर झोप झालेला ड्रायव्हर, घरचा माणूस चाकावर नको.

गेल्या आठवड्यात ताई पेढे घेऊन आल्या होत्या, बाबांच्या ऐंशीच्या वाढदिवसाचे. मी विचारलं, त्या सकाळी 7.58 ला लिफ्टमधून वर गेलात तेव्हा बाबा काय म्हणाले? त्या हसल्या. बाबांच्या नाकात नळी होती. डोळे उघडून त्यांनी लेकीकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्या सकाळी कशी आलीस गं, रात्रीच निघालीस का?"